हॉर्टी केलं, पण पीक कुठलं?

‘बी.एस्सी. हॉर्टी म्हणजे नेमकं काय गं?’ घरात कुणाचं लग्न असलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही ‘उद्यानविद्या’ म्हणता. मावशी जरा विचार करते आणि म्हणते, ‘म्हणजे बागकामच की!’ तेवढ्यात काका मदतीला धावतात, ‘अगं, ॲग्रीसारखंच असतं ते. एमपीएससी देतात ही पोरं.’ झालं. आठ सेमिस्टर दोन वाक्यांत उरकली.

मावशी-काकांवर रागावण्यात अर्थ नाही. कॉलेजात तरी वेगळं काय चालतं? सातवं सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलवर दोनच चौकशा. क्लास कुठला लावलास? आणि पुण्यात रूम ठरली का? फळशास्त्र, भाजीपाला, फुलं, काढणीनंतरचं तंत्रज्ञान, कीड-रोग, माती, बाजार एवढं सगळं शिकून झाल्यावर बॅचमधली कितीतरी मुलं अशा अभ्यासिकेत जाऊन बसतात, जिथे खिडकीतूनही झाड दिसत नाही.

मला इथे एकच गोष्ट सांगायची आहे. हॉर्टीच्या शिक्षणाला बाजारात जी किंमत मिळते, ती पिकाच्या नावावर मिळते. द्राक्ष बागायतदार असो, नर्सरीवाला असो की पॅकहाउसचा मॅनेजर, तो तुमचा सीजीपीए विचारत नाही. ‘कुठल्या पिकात काम केलंय?’ एवढंच विचारतो. आणि ‘सगळ्यात थोडं थोडं’ हे उत्तर त्याच्या काही उपयोगाचं नसतं. एक पीक, त्याचा एक पूर्ण हंगाम, सुरुवातीपासून विक्रीपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला. हे ज्याच्याकडे आहे त्याचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत वेगळं वाटतं.

आधी परीक्षांचं बोलून टाकू, कारण ते मनात असताना पुढचं कुणी वाचणार नाही. एमपीएससीतून कृषी सेवेची पदं भरली जातात: कृषी उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी, कृषी अधिकारी. हॉर्टीची पदवी तिथे चालते. बँकांसाठी आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसरची परीक्षा आहे, त्यात ॲग्रिकल्चरल फील्ड ऑफिसर म्हणून जाता येतं. संशोधन किंवा शिकवणं आवडत असेल तर एम.एस्सी., मग पीएच.डी., सोबत नेट आणि एआरएस. हे सगळे चांगले रस्ते आहेत. अडचण एवढीच की जागा मोजक्या, जाहिरात कधी येईल ते सांगता येत नाही आणि वाट बघण्यात वय निघून जातं. माझं मत विचाराल तर परीक्षा जरूर द्या, पण किती प्रयत्न आणि कुठल्या तारखेपर्यंत हे आधी कागदावर लिहा आणि तो कागद घरच्यांनाही दाखवा. आणखी एक. उद्या तुम्ही तालुका कृषी अधिकारी झालात तरी तुमच्या टेबलासमोर डाळिंबवालाच येऊन बसणार आहे. पिकाची ओळख तिथेही सुटत नाही.

द्राक्षाची शाळा

पीक धरून करिअर कसं उभं राहतं, हे बघायचं तर द्राक्षाकडे बघावं. नाशिकचे दिंडोरी-निफाड, सांगलीचं तासगाव, सोलापूरचं पंढरपूर, पुण्याचं जुन्नर, या पट्ट्यांत द्राक्षाभोवती एक अख्खं जग फिरतं.

आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात, पण दिसत नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जिला शेतकरी गोडी छाटणी म्हणतात. तिथून काढणीपर्यंत साधारण चार महिने, आणि या चार महिन्यांत जवळजवळ रोज एक निर्णय. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग. मग पोंगा अवस्था, फेलफूट काढणं, घड लांब व्हावा, मोकळा व्हावा म्हणून जीएचे डिप, मण्यांची विरळणी, मण्यांत पाणी उतरणं. बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस पाऊस लागला तर गळ आणि घडकुज. पहाटेचं दव दुपारपर्यंत पानावर राहिलं तर डाऊनी. अशा वेळी बागायतदाराला झोप नसते. वर्षभराचा खर्च वेलीवर लटकलेला असतो, बहुतेकदा तो कर्जाचा असतो.

रावेला गेलात की असा एखादा बागायतदार भेटतोच. तुम्ही पुस्तकातलं उत्तर सुरू केलंत की तो मध्येच थांबवतो, ‘ते राहू दे, बाळा. हे पान बघ आणि सांग, काय आहे?’ आता पान उलटून बघायचं. वरच्या बाजूला तेलकट पिवळसर ठिपका आणि त्याच्याच खाली पानाच्या मागे पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी. वरच्या बाजूवर राखेसारखी भुकटी असेल तर भुरी. पेपरात हा दोन मार्कांचा फरक. बागेत मात्र दोन्हींची औषधं वेगळी आणि दोन्हींना मानवणारं हवामानही वेगळं. चुकीची फवारणी झाली तर पैसे जातातच, शिवाय हातातले दोन दिवस जातात. डाऊनीला दोन दिवस खूप झाले.

याच्या पुढचा धडा युरोपने शिकवला. २०१० साली भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. शेंड्याची वाढ रोखायला बागायतदार हे संजीवक सर्रास वापरायचे. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्यांत ते नव्हतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, घरंच्या घरं अडचणीत आली. बागेत रोग नव्हता, माल दिसायला सुंदर होता, चवीला गोड होता. तरी गेला.

त्या वर्षानंतर ‘रेसिड्यू’ हा शब्द गावोगावच्या पारावर पोचला. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, अपेडाच्या ग्रेपनेट यंत्रणेत प्लॉटची माहिती राहते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, मग पुढचं. कुठलं रसायन चालतं, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत, युरोपची मर्यादा काय आणि आखातातली काय, फवारणीची वही कशी ठेवायची, हे सगळं सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस बहुधा तुमच्यासारखाच शिकलेला असतो. निर्यातदार कंपन्यांचे फील्ड ऑफिसर, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्या, रेसिड्यू तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रमाणपत्रांचं काम करणाऱ्या संस्था, अशा ठिकाणी ही कामं आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे प्रोजेक्टवर काही काळ काम करायला मिळालं तर पगाराचा आकडा बघू नका, जा.

आणि मग आहेत खासगी सल्लागार. ही मंडळी एकरी ठरावीक फी घेऊन हंगामभर बाग बघतात. सकाळी सहाला मोटारसायकल काढायची, दिवसाला आठ-दहा प्लॉट, प्रत्येक ठिकाणी घड हातात घेऊन बघायचा, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहून द्यायचं. नावाजलेल्या सल्लागाराची फी मोठी असते आणि त्याची वेळ मिळायलाही ओळख लागते. पण कुणीही पदवी हातात पडल्या पडल्या सल्लागार होत नाही, झालं तर शेतकरी विचारत नाही. दोन-तीन हंगाम कुणाच्या तरी मागे फिरावं लागतं, वही घेऊन, कमी पैशांत. सीए होणारी पोरं आर्टिकलशिप करतात तसंच हे. फक्त त्याला कुणी तसं नाव दिलेलं नाही.

चिठ्ठीचा प्रश्न

बॅचमधल्या बऱ्याच जणांची पहिली नोकरी बियाणं, खत, औषध किंवा ठिबकच्या कंपनीत असते. पदाचं नाव काहीही असो, काम विक्रीचं. तालुका वाटून दिलेला, महिन्याचं टार्गेट, डीलरची उधारी वसूल करायची, शेतकरी मेळावे भरवायचे, प्रात्यक्षिकाचा प्लॉट लावायचा. मार्च आला की फोन वाजायचे थांबत नाहीत. या नोकरीला नाकं मुरडणारे खूप आहेत, मी त्यांच्यातला नाही. एखाद्या तालुक्यातली गावं, तिथली पिकं, कुणाची बाग चांगली, कुठला दुकानदार शब्दाला पक्का, हे सगळं दोन वर्षांत कळतं आणि वर पेट्रोलचा खर्चही मिळतो. दुसरीकडे कुठे मिळेल?

पण एक गोष्ट नोकरीच्या आधी ठरवून ठेवलेली बरी. शेतकरी तुम्हाला ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणून सल्ला विचारणार आणि तुमच्या खिशात महिन्याचं टार्गेट असणार. त्याच्या बागेला ज्याची गरज नाही असं टॉनिक तुमच्या यादीत असेल, तेव्हा काय करणार? खासगी सल्लागारांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सल्लागार चिठ्ठी लिहून देतो, शेतकरी ती घेऊन दुकानात जातो, आणि काही ठिकाणी दुकानातून सल्लागाराला वाटा जातो. शेतकऱ्याला हे कळत नाही असं समजू नका. गावात सगळं कळतं. तो काही दिवस बोलत नाही, मग हळूच सल्लागार बदलतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या भावकीतले चार प्लॉटही जातात.

यावर उपाय म्हणून काही सल्लागार चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहीतच नाहीत, फक्त घटक आणि प्रमाण लिहितात. उदाहरणार्थ एक टक्का बोर्डो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. शेतकरी कुठूनही घेवो. यात कमाई फक्त फीची, म्हणजे सुरुवातीला कमी. घरी हप्ते असतील तर हे सोपं नाही, आणि ‘तत्त्वाने वागा’ असं पुण्यात बसून लिहिणं फार सोपं आहे, याची मला कल्पना आहे. तरीही सांगतो, या धंद्यात तुमच्याकडे विकायला शेवटी एकच माल असतो, तुमचा शब्द.

स्वतःचं कृषी सेवा केंद्र काढायचं असेल तर शिक्षणाचा थेट उपयोग आहे. कीटकनाशकं विकायच्या परवान्यासाठी शिक्षणाची अट आहे आणि कृषी शाखेची पदवी त्यात बसते. त्यामुळे तुमची पदवी भाड्याने मागणारेही भेटतील. ‘नाव तुझं, दुकान आमचं, वर्षाला अमुक देतो.’ नको. काही भानगड झाली तर परवान्यावर नाव तुमचं असतं.

रोपात चूक झाली तर

मला विचाराल तर हॉर्टीच्या मुलांनी सगळ्यात जास्त जिथे जायला हवं आणि जिथे जात नाहीत, ती जागा म्हणजे नर्सरी. मावशीच्या ‘बागकामा’ला हेच सगळ्यात जवळचं, म्हणूनही असेल.

विचार करा. गव्हाचं बी चुकीचं निघालं तर चार महिन्यांत कळतं. संत्र्याचं कलम चुकीचं निघालं तर कळायला चार-पाच वर्षं लागतात. तोपर्यंत खड्डे, शेणखत, ठिबक, पाणी, मजुरी सगळं झालेलं असतं. नर्सरीवाला तेव्हा ओळखही दाखवत नाही. विदर्भात संत्रा साधारणपणे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. डोळा जमिनीलगत भरला तर लावल्यावर सांधा मातीत जातो, फायटोप्थोराला आयतं दार उघडतं आणि बुंध्यातून डिंक गळायला लागतो. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा, हे दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही लिहिलेलं असतं. वरुडजवळचं शेंदुरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं मोठं केंद्र. तिथे एक हिवाळा काढलात तर पुस्तकातला तो अख्खा धडा हातात उतरेल.

डाळिंबाची गोष्ट याहून कडू. भगवा वाणाने सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा अशा कोरडवाहू भागात पैसा आणला. पाठोपाठ तेल्या आला, म्हणजे तेलकट डाग रोग. हा जिवाणूजन्य रोग, पावसात आणि दमट हवेत झपाट्याने पसरतो. पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तो पायी गेला नाही, रोपांच्या गाडीतून गेला. डाळिंबाची लागवड गुटी कलमांनी होते. रोगट बागेत बांधलेल्या गुट्या स्वस्तात मिळाल्या, लोकांनी लावल्या, बागा गेल्या. ज्या बागेतून गुटी घ्यायची ती आधी हंगामभर तपासणारा एखादा शिकलेला माणूस मध्ये असता तर?

त्यासाठी कायदा जुना आहे. फळरोपवाटिकांना परवाना हवा, असं महाराष्ट्राचा १९६९ सालचा कायदा सांगतो. मातृवृक्ष कुठले, खुंट कुठला, कलम कधी बांधलं, याच्या नोंदी ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात रस्त्याकडेला फलक लावून काय काय विकलं जातं ते तुम्ही बघताच. आता मात्र हालचाल दिसते आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रम मंजूर केला. १७६५ कोटी रुपयांहून अधिक तरतूद, देशात नऊ केंद्रं, जिथे विषाणू आणि इतर रोगांपासून मुक्त असं मूळ लागवड साहित्य तयार व्हावं. यातली तीन केंद्रं महाराष्ट्रात ठरली आहेत: पुण्याला द्राक्ष, नागपूरला संत्रा, सोलापूरला डाळिंब. ही केंद्रं काही प्रत्येक शेतकऱ्याला रोप देणार नाहीत. तिथून निघालेलं साहित्य चांगल्या नर्सऱ्यांमध्ये वाढवलं जाणार. म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या, तपासणीला न घाबरणाऱ्या नर्सऱ्या लागणार, आणि त्या चालवायला माणसं.

फळझाडांच्या नर्सरीत पैसा फिरायला वेळ लागतो. हातात भांडवल थोडं असेल तर भाजीपाल्याची रोपं हा जवळचा रस्ता. शेडनेट, कोकोपीट, ९८ किंवा १०४ कप्प्यांचे ट्रे, आणि टोमॅटो-मिरचीची रोपं साधारण महिना-सव्वा महिन्यात शेतात जायला तयार. शेतकरी आगाऊ बुकिंग करतो, बरेचदा बियाणंही तोच आणून देतो. जागा काही गुंठ्यांची लागते. पण ‘रोपं मर लागून गेली’ असा फोन रात्री साडेदहाला येणार, तो उचलायची तयारी ठेवा. टिश्यू कल्चर हा आणखी वेगळा रस्ता. जळगावच्या केळी पट्ट्यात ग्रँड नैनची रोपं प्रयोगशाळेतूनच येतात. ज्यांना उन्हापेक्षा लॅब आवडते त्यांच्यासाठी ते काम बरं, पण शिस्त ऑपरेशन थिएटरची.

तोडल्यानंतर, आणि शहरात

माल तोडल्यावरही हॉर्टीचं काम संपत नाही. अमेरिकेने आपल्या आंब्याला २००७ मध्ये पुन्हा दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि ते काम तेव्हा लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात झालं. जे केंद्र मुळात कांद्यासाठी उभारलं, तिथून हापूस अमेरिकेला गेला. प्रत्येक देशाची मागणी वेगळी. कुणाला विकिरण हवं, कुणाला उष्णबाष्प, कुणाला गरम पाण्याची प्रक्रिया. पॅकहाउस, प्रीकूलिंग, शीतगृह, क्वालिटी चेकिंग हे सगळं ज्यांना शिकायचंय त्यांनी तळेगाव दाभाड्याला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेचे कोर्स बघावेत. पॉलिहाउसचं प्रशिक्षणही तिथे मिळतं.

तळेगाव-मावळचा विषय निघाला म्हणून सांगतो, फुलांचं काम घड्याळाचं आहे. व्हॅलेंटाइनला गुलाब हवा म्हणजे परदेशी जाणारा माल जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत निघायला हवा. त्यासाठी छाटणी कधी, हे डिसेंबरातल्या थंडीचा अंदाज घेऊन ठरतं. चौदा तारखेनंतर फुललेल्या गुलाबाला कुणी विचारत नाही. तुमच्या प्रेमकथेचं काय असेल ते असो, पॉलिहाउसच्या मॅनेजरची खरी धडधड त्या पंधरवड्यात असते.

शहरातल्या कामाला मात्र कमी लेखू नका. महापालिकांच्या उद्यान विभागांत उद्यान अधीक्षक, निरीक्षक अशी पदं असतात. झाडतोडीच्या परवानग्या, पुनर्रोपण, वृक्षगणना, १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा, हे सगळं त्यांच्याकडे येतं. बाहेर हॉटेलं, आयटी पार्क, मोठ्या सोसायट्या यांना लँडस्केपवाले लागतात. यात ड्रॉइंग यायला हवं, बजेट मांडता यायला हवं, आणि पुण्या-मुंबईत कुठलं झाड कुठे जगतं हे कळायला हवं. रोपांची ओळख वाढवायची तर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये एक दिवस नुसतं फिरा. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन आहेच.

‘पण सर, आमच्याकडे शेती नाही’

हा प्रश्न कॉलेजात नेहमी येतो, आणि विचारणारा जरा संकोचूनच विचारतो. वर जेवढी कामं सांगितली, त्यातल्या किती कामांना सातबारा लागतो? सल्लागाराला लागत नाही, रेसिड्यूवाल्याला, पॅकहाउसवाल्याला, लँडस्केपवाल्याला लागत नाही. नर्सरीची जागा भाड्याने घेता येते. शेती असलेल्या मुलाला एक फायदा आहे, त्याला प्रयोग करायला घरचा तुकडा मिळतो. एक तोटाही आहे, वडील सहजासहजी प्रयोग करू देत नाहीत.

भांडवलासाठी केंद्राची ॲग्री-क्लिनिक आणि ॲग्री-बिझनेस सेंटर ही योजना २००२ पासून चालू आहे. हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था तिचं प्रशिक्षण बघते, अनुदानाची बाजू नाबार्डकडे असते. पंचेचाळीस दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत, त्यानंतर बँकेच्या कर्जावर अनुदान, साधारण गटाला ३६ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. नियम बदलत असतात, अर्ज करताना ताजं परिपत्रक वाचा. आणि बँकेत जाताना ‘योजना आहे म्हणून’ जाऊ नका. मॅनेजर विचारतो, माल कुणाला विकणार? तिथे तीन शेतकऱ्यांची किंवा एखाद्या व्यापाऱ्याची नावं सांगता आली तर बोलणं पुढे सरकतं.

मुलींना दुसरा प्रश्न असतो, आणि तो खराखुरा आहे. फील्डच्या नोकऱ्यांत कंपन्या अजूनही मुलांना पुढे करतात. गाडी, रात्रीचा उशीर, घरचे काय म्हणतील, अशी कारणं दिली जातात. मुलींना लॅब, टिश्यू कल्चर, क्वालिटीच्या जागा सुचवल्या जातात. त्या जागा चांगल्या आहेत, पण सुचवल्या गेल्या म्हणून घ्यायच्या की आवडल्या म्हणून, हे आपलं आपण ठरवायचं. ‘कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक’ अशी बातमी दरवर्षी फोटोसकट छापून येते. त्या फोटोतल्या किती जणी दोन वर्षांनी बागेत दिसतात, हे विद्यापीठांनी एकदा मोजायला हरकत नाही. बागायतदाराचा अनुभव मात्र सरळ असतो. मॅडमनी सांगितलेलं एकदा बरोबर आलं की पुढच्या वेळी फोन मॅडमनाच जातो.

आता ज्यांची अजून दोन-तीन सेमिस्टर बाकी आहेत त्यांच्यासाठी. आपल्या जिल्ह्याचं पीक बघा. जळगावला केळी, जालन्याला मोसंबी, अमरावती-नागपूरला संत्रा, सोलापूरला डाळिंब, सिंधुदुर्गात हापूस आणि काजू, घोलवडला चिकू, पुरंदरला अंजीर आणि सीताफळ, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी. सुट्टीला घरी गेल्यावर जी बाग सायकलवर गाठता येते, ती निवडा. एकाच बागेत महिन्यातून दोनदा जायचं, एकाच वहीत लिहायचं: तारीख, अवस्था, हवामान, काय फवारलं, काय दिसलं, खर्च किती. शेवटी माल कुठे गेला आणि पट्टी काय आली, तेही. पट्टी दाखवायला शेतकरी आढेवेढे घेतो, थोडा वेळ द्या, दाखवतो. रावेचं गाव वाटून देताना बदलून मागायची सोय असेल तर आपल्या पिकाचं गाव मागा. आठव्या सेमिस्टरला मॉड्यूल निवडताना मित्र कुठे जातोय हे बघू नका.

आणि तारखा आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, कारण झाडं कॉलेजचं टाइमटेबल बघत नाहीत. खरड छाटणी एप्रिलात, नेमकी तुमच्या सबमिशनच्या आसपास. कोकणातली आंब्याची कोय कलमं पाऊस सुरू झाला की, जून ते ऑगस्ट. गोडी छाटणी ऑक्टोबरला, कधी दिवाळीच्या सुट्टीत सापडते. संत्र्याचे डोळे हिवाळ्यात. कोय कलम बांधायला शिकायचंय तर पहिली पन्नास फुकट जाणार असं धरून चाला, आणि चाकू स्वतःचा न्या, नर्सरीतले कारागीर आपला चाकू दुसऱ्याला देत नाहीत.